अनुमोदक

दामिनी जिल्हा परिषदेची अध्यक्ष झाली ती कोणाला हवी होती म्हणून नव्हे. दोन्ही गट तुल्यबळ, एकमेकांचा माणूस खुर्चीवर बघायची कोणाचीच तयारी नाही, आणि मधोमध ही एकटी अपक्ष. आंधळगावापलीकडच्या बोरटोल्यात तिचं किराणा दुकान. उद्या खुर्चीवरून उठवलं तर ओरडणारं मागे कोणी नाही, हाच तिचा सगळ्यात मोठा गुण! हार घातले, फोटो काढले, आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

बिचारीला वाटलं, आता आपलं ऐकतील.

तिला एकच काम करून घ्यायचं होतं. बोरटोल्याच्या तलावाची पाळ गेल्या पावसात फुटली होती. ती या उन्हाळ्यात बांधली नाही तर तलावात पाणी साठणार नाही, आणि रोवणीच्या वेळी धानाच्या बांध्या, गावाची सगळी भातखाचरं, कोरडी राहतील. निवडणुकीत तिने दुसरं काही कबूलच केलं नव्हतं.

खुर्चीवर बसलेल्याने स्वतः ठराव मांडायचा नसतो, हे तिला खुर्चीवर बसल्यावर कळलं. म्हणून ती कैलाशभाऊंकडे गेली. कैलाशभाऊ एका गटाचे पुढारी, तिला अध्यक्ष करण्यात पुढे तेच होते.

"ठराव मी मांडतो ना ताई," ते म्हणाले. "तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिल्या?"

आणि त्यांनी शब्द पाळला, हेच तर खरं दुखणं. भर सभेत उठून बोरटोल्याच्या तलावावर असे काही बोलले की दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग खाली बसले.

"कोणाचा विरोध आहे?" तिने विचारलं. कोणी हूं की चूं केलं नाही. बोरटोल्याच्या ग्रामसभेत एवढ्यावर काम फत्ते होतं. कोणी नाही म्हटलं नाही, म्हणजे गावाचा होकार. तिने हरखून जाहीर केलं, "मग ठराव मंजूर."

शेजारचे सचिव हळूच झुकले. "मॅडम, अनुमोदक?"

"म्हणजे?"

"ठरावाला पाठिंबा देणारा आणखी एक सदस्य लागतो. त्याशिवाय तो मतालाच येत नाही."

दामिनीने सभागृहाकडे पाहिलं. एक हात वर यायला हवा होता, फक्त एक! कैलाशभाऊंच्या मागे त्यांचा अख्खा गट मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. दुसऱ्या गटाचे भूपेंद्रजी पंख्याकडे बघत होते. तिने एकेकाचं नाव घेऊन विचारलं. कोणी हसलं, कोणी बसल्या जागेवरून नमस्कार केला. नमस्कार! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठराव बारगळला.

पुढचा विषय कैलाशभाऊंच्या स्वतःच्या गावच्या तलावाचा. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत अनुमोदन आलं, तेही भूपेंद्रजींचं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, पण हात कसे भराभर वर गेले! यंदाचा निधी एका तलावापुरताच होता. मंजूर म्हणायचं काम तेवढं अध्यक्षांचं. तिने ते म्हटलं.

बाहेर पायरीवर बेबीबाई वाट बघत होती. ही तिची शेजारीण. निवडणुकीत तिच्यासाठी दारोदार फिरलेली, आणि जिच्या बांध्या त्याच तलावाच्या पाण्यावर पिकत.

"का व दामिनी, झालं का आपलं?"

"नाही झालं, काकू."

"कोन आडवा आला? नाव सांग मले."

"कोणीच नाही."

"मंग काहून नाही झालं?"

दामिनीने तिला अनुमोदक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बेबीबाईने सगळं ऐकून घेतलं.

"येवढ्या लोकाइत तुह्या बाजूचा एकही मानूस नाही?"

"नाही."

"मंग तुले त्या खुर्चीवर बसवलं कोनं?"

"त्यायनंच, काकू," दामिनी म्हणाली. "माह्यं कोणी नाही म्हणूनच बसवलं."