मामानं सिद्ध केलेली बहीण

"सर, लग्नाआधी तुमच्या बायकोचं नाव काय होतं?"

हा प्रश्न विचारून दाखव, असं मैत्रिणींनी मला डिवचलं होतं. आमच्या नशिराबादच्या शाळेत 'स्त्रिया आणि कायदा' यावर बोलायला जळगावहून शालिग्राम वकील आले होते. पाहुण्यांना प्रश्न विचारला की आभारप्रदर्शन लांबतं, म्हणून आमच्याकडे कुणी विचारत नाही. पण नववीत गेल्यापासून मला कुणाची भीतीच वाटेनाशी झाली आहे. उठले आणि विचारलं. बाईंनी डोळे वटारले, मुलं खिदळली.

वकील मात्र हसले. "मंजुळा. आता सुनंदा. का गं?"

"मग मंजुळाच्या नावावर शेत असेल तर ते सुनंदाचं होतं का?"

मैत्रिणी माझ्याकडे बघतच राहिल्या. हे पैजेत नव्हतं.

"शेत नावाचं नसतं, माणसाचं असतं," वकील म्हणाले. "नाव बदललं म्हणून हक्क जात नाही. सातबाऱ्यावरचं नाव उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरतात, एवढंच. मंजुळा आणि सुनंदा एकच बाई आहे हे दाखवायचं. प्रतिज्ञापत्र, ओळखणारे साक्षीदार, मग तलाठ्याकडे नोंद."

"आणि भावाला हक्कसोड लिहून द्यावीच लागते का?"

"नाही. स्वखुशी असेल तरच."

आमच्या घरात तेव्हा हेच चाललं होतं. आई जन्मली नरडाण्याजवळच्या गावात. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हिचं नाव ठेवलं भिकुबाई. लग्नात माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'लता' लिहिलं. हेच का, असं विचारलं तर नाना म्हणतात, "लवकर लिहून होईल असं निवडलं. मागं पंगत खोळंबली होती." तेव्हापासून रेशनकार्डावर, मतदार यादीत, सगळीकडे आई लताबाई अभिमन पाटील.

आईचे वडील झुलाल आबा दोन वर्षांपूर्वी वारले. तलाठ्यानं वारस लावले: मुलगा वना, मुलगी भिकुबाई. वनामामाला सगळं शेत स्वतःच्या एकट्याच्या नावावर हवं होतं. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. बहिणी सही करतात, भाऊ लुगडं नेसवतो आणि दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांना माहेरी न्यायला मुराळी येतो. सही केली नाही तर मुराळी येत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि माझी आई बाकीचं वर्ष ढकलते ती आखाजीच्या त्या चार दिवसांवर. झोका, गौराई, लहानपणच्या मैत्रिणी.

ती सही करणारच होती. दिवाळीआधी सगळे शिंदखेड्याला गेले, पण रजिस्ट्रार साहेबांनी रेशनकार्ड बघितलं आणि म्हणाले, "या लताबाई. भिकुबाईंना आणा."

"ह्याच भिकुबाई, साहेब," मामा म्हणाला.

"कागदावर दाखवा."

मग मामाच धावपळीला लागला. आईचं लग्न पाहिलेले लोटन आबा आणि भागाबाई अक्का यांना त्यानं तहसीलला नेलं. स्वतः शपथेवर लिहून दिलं की ही माझी सख्खी बहीण. चावडीवर नोटीस लागली, कुणी हरकत घेतली नाही, सर्कल अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली: भिकुबाई झुलाल ऊर्फ लताबाई अभिमन.

वकील शाळेत आले ते याच दिवसांत. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"सही करायची सक्ती नाही, आई."

"तुझ्या वकिलाला आखाजीला न्यायला कोण येतं, ते विचार," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मार्चमध्ये हक्कसोडीचा दिवस ठरला. मी शाळा बुडवून आई-नानांबरोबर गेले. साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "भिकुबाई तुम्हीच?"

"मीच."

"स्वखुशीनं देता? कुणाचा दबाव?"

आईनं पदर सावरला. मग म्हणाली, "नाही."

"दबाव नाही, की स्वखुशी नाही?"

"स्वखुशी नाही."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद मामापुढं सरकवला.

बाहेर आल्यावर मामा कितीतरी वेळ चपला घालत राहिला. "मी पळापळ करीसन तुले भिकुबाई ठरावं, ते यानाकरता?"

"तू खरं तेच सांगितलंस, वना," आई म्हणाली. "विहिरीकडच्या तुकड्यात मी दहा वर्षांची असल्यापासून निंदलंय. तेव्हा तू पाळण्यात होतास."

मामा आमच्याबरोबर चहालाही थांबला नाही. गाडीत नाना आईला हळूच म्हणाले, "आता तो उलटूही शकत नाही. शपथेवर त्यानंच लिहून दिलंय." आई हसली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

आखाजी आली. गल्लीतल्या सुनांचे भाऊ एकेक करून येऊन गेले. आईनं सांजोऱ्या केल्या, दारात कुणाची सायकल वाजली की ती बघून यायची, आणि काही नाही असं म्हणायची. मामा आला नाही. निरोपही नाही.

"पुढच्या वर्षी येईल," नाना म्हणाले. "राग ओसरू दे."

"हो," आई म्हणाली. तिनं सांजोऱ्यांचा डबा फळीवर ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"माझं ठरलंय," मी म्हणाले. "नाना, मला दोन तिकिटांचे पैसे द्या. आई, तू लुगडं काढून ठेव. उद्या सकाळी मी तुला नरडाण्याला घेऊन जाणार आहे. मुराळी मी. मामानं दार उघडलं तर घरात राहू, नाही उघडलं तर भागाबाई अक्काकडे. पण आखाजीला तू माहेरीच असणार."