माझ्या पोटातला मुलामा

मित्रांनो, सिलेंडर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला गॅस येतो, हो ना? पण मी तो नव्हे बरं का! मी आहे एका जुन्या स्कूटरच्या इंजिनाचा सिलेंडर. दोन ओंजळींत मावेन एवढाच. बाहेरून पातळ पातळ चकत्यांचा घेर आणि आतून पोकळ. ती पोकळीच माझं सर्वस्व! तिच्यात माझा सोबती पिस्टन वरखाली धावतो, म्हणून तर स्कूटर रस्त्यावर धावते.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मी अल्युमिनियमचा ओतला गेलो. मग माझ्या आतल्या भिंतीवर क्रोमचा मुलामा चढवला. केसाएवढा पातळ, पण असा टणक की पिस्टनने लाखो फेऱ्या मारल्या तरी ओरखडा उठू नये. त्या दिवशी माझ्या पोटात जणू चांदणंच साठवलं कुणीतरी!

१९७६ साली सिताराम नावाच्या खलाशाने आमची स्कूटर बोटीतून मुंबईला आणली आणि पुढे आपल्या भाचीला दिली. भाचीचं नाव सरोजिनी. ती दवाखान्यात नर्स होती आणि आई भिमाबाईसोबत कोपरखैरण्याला राहायची. काय सांगू, ती आल्यावर माझे दिवस कसे उजळले! सकाळी खाडीवरचं धुकं कापत आम्ही निघायचो. मिठाचे पांढरे ढीग मागे सरायचे, महाप्याचे कारखाने मागे पडायचे आणि डोंगराकडच्या वाड्या जवळ यायच्या. "फटफटीवाली ताई आली!" म्हणत पोरं धावायची. सरोजिनी झोपडीत शिरली की मी बाहेर सावलीत निवत राहायचो, टिक, टिक, टिक. अर्धवट झोपेत आतून नव्या बाळाचं रडणं ऐकू आलं, की मला वाटायचं, यात एक सूर माझाही आहे.

आणि मग १९८४ सालची ती दुपार आली. डोंगराच्या वाडीतून सांगावा आला, बाळंतीण अडली आहे. आमच्या जातीच्या इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावं लागतं. तेच आमचं तूप! पण घाईत सरोजिनीने नुसतं पेट्रोल भरलं आणि गाडी दामटली. चढावर पिस्टन तहानेने तापला, फुगला आणि कर्रर्र करून मलाच चिकटून बसला. सरोजिनीने स्कूटर झाडाखाली सोडली आणि बॅग घेऊन ती चढ पळत चढली. बाळ सुखरूप झालं. मी मात्र मुका झालो.

कितीतरी महिने मी गोणपाटाखाली पडून होतो. स्वप्नात रोज खाडीवरचं धुकं दिसायचं. अखेर सितारामने परदेशातून नवा पिस्टन पाठवला, अगदी माझ्याच मापाचा. त्याच आठवड्यात दवाखान्यातून सरोजिनीला सांगण्यात आलं, "सोमवारी गाडी घेऊन हजर व्हा, नाहीतर डोंगरवाड्यांची फेरी दुसऱ्याला देऊ. तुम्ही इथे गोळ्या वाटा." वाड्या सुटणार या विचाराने तिचा जीव कासावीस झाला.

शनिवारी मायलेकी मला घेऊन बोनकोड्याच्या रोहिदास मेकॅनिककडे आल्या. त्याने मला उघडलं, बोट आत फिरवलं आणि जीभ टाळूला लावून चुक् केलं. माझ्या चांदण्यावर राखाडी पट्टे उठले होते.

"सिस्टरबाय, आतून फाटलाय ह्यो. लेथवर घेऊन पोट घासून मोठं करावं लागंल. मंग मोठा पिस्टन घालू."

"अहो रोहिदासदादा, पिस्टन आलाय ना मामाकडून! ह्याच मापाचा आहे."

"त्यो ठेव कपाटात, शोभेला. मी आजवर शेकड्यांनी सिलेंडर घासलेत. टेन्शन कशाला घेतंस?"

मित्रांनो, मी ओरडत होतो हो! लोखंडाचा सिलेंडर घासून मोठा करतात, हे खरं. पण माझा मुलामा केसाएवढा. लेथचं पातं एकदा फिरलं की मी संपलो! पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

रोहिदासची एक सवय होती. लेथकडे नेण्याआधी तो प्रत्येक सिलेंडरमधला लोखंडाचा कीस जुन्या लाउडस्पीकरच्या चुंबकाने टिपून घ्यायचा. ते चुंबक त्याने माझ्या भिंतीला लावलं आणि हात सोडला. ठप्प! ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"अरे द्येवा! हे लोखंड नाय." रोहिदासने मला उन्हात धरून पाहिलं. एकदा, दोनदा. त्याचा चेहरा उतरला. "वर मुलामा हाय, बाय. घासला असता तर मारलाच असता मी ह्याला. हे पट्टे पन ह्याचे नाय, वितळलेल्या पिस्टनचं अल्युमिनियम चिकटलंय. पन काचकागदानं घासलं तर मुलाम्याला चरे पडतील. काढू कसं?"

भिमाबाई पदर खोचून पुढे आली. "अल्युमिनियम म्हणतोस ना? मग मला विचार की! मी घरी साबण करते. एकदा कॉस्टिक सोड्याचं पाणी नव्या अल्युमिनियमच्या टोपात ठेवलं, तर टोपाला भोक पडलं. स्टीलच्या चमच्याला मात्र काहीच झालं नाही. तुझ्या मुलाम्याला सोडा खातो का?"

"क्रोमला नाय खात, मावशी. पन ह्याचं अंग अल्युमिनियमचं हाय, त्याला खाईल."

"मग अंग झाक. जावई न्हाऊ घालतोय असं समज आणि जपून कर."

रोहिदास हसला. त्याने माझ्या अंगाला नि भिंतीतल्या, हवा-धूर ये-जा करायच्या खिडक्यांच्या कडांना जाड ग्रीस थापलं. भिमाबाईने हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, घरून आणलेल्या सोड्याच्या पाण्यात काडीला बांधलेली चिंधी बुडवली आणि एकेक पट्टा हलकेच ओला केला. फसफस! पट्टे बुडबुडे होऊन विरघळू लागले. "बास गं आई, बास!" सरोजिनी म्हणाली. लगेच पाणी, मग लिंबाचं पाणी, पुन्हा पाणी. मग रोहिदासने फडक्याने मला पुसलं.

माझं चांदणं जागच्या जागी होतं!

नव्या पिस्टनवर बसणारी कडी, म्हणजे रिंग, त्याने आधी एकटीच माझ्या पोटात ठेवून तिच्या टोकांमधली फट मोजली, सगळं तेलाने माखलं आणि नव्या सोबत्याला आत उतरवलं. दोन किका फुकट गेल्या. तिसऱ्या किकेला मी खोकलो, आणि मग फट् फट् फट् गाऊ लागलो! "पहिले पाचशे किलोमीटर हळू जायचं हां, सिस्टरबाय," रोहिदासने बजावलं. "आनि तेल विसरलीस तर माझ्याकडं येऊ नको." मग माझ्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "माफ कर रे बाबा."

सोमवारी सरोजिनी दवाखान्यात हजर झाली, तिथून थेट डोंगराकडे. इतकी सावकाश की वाटेत एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वळून दातही दाखवले! ती हसली. मी मात्र स्वप्नात तरंगत होतो. पहिल्या वाडीशी ती उतरली, टाकीचं झाकण उघडून तेलाचा वास घेतला, आणि मगच बॅग उचलली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर तेल द्या, गोणपाटाखाली टाकून विसरू नका. आणि कुणी बिघडलेलं दिसलं, वस्तू असो की माणूस, तर हातात पातं घेण्याआधी एवढंच विचारा, "तू कशाचा बनलायस?" आम्हाला बोलता येत नाही. उत्तर तुम्हालाच शोधावं लागतं.