शेवटच्या पानावरचा शिक्का

मित्रांनो, माझं तोंड तेवढं बघू नका. बाकी सगळं खुशाल बघा. माझी लाकडी मूठ बघा, हाताच्या घामानं काळपट झालेली आहे. मी एक रबरी शिक्का आहे. एका बाइंडरच्या दुकानातल्या खणात गेली सहा वर्षं उताणा पडून आहे. शिक्क्याचा जन्मच मुळी तोंड दाखवण्यासाठी, आणि मला तर ते लपवावंसं वाटतं. असं का, ते आज सांगूनच टाकतो.

आमचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. लांब टेबल, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात खळीचं पातेलं. त्या खळीमुळेच दुकानदाराला सगळी गल्ली 'खळकाका' म्हणते. बोटांवर वाळलेली खळ, नखात खळ, चष्म्याच्या काडीवरसुद्धा खळ! माणूस मात्र कामाला एकदम चोख. फाटून चिंध्या झालेलं पुस्तक त्यांच्या हातात द्या, आठ दिवसांनी नवरदेवासारखं सजून बाहेर येईल.

पण पुस्तकं शिवून घ्यायला येणार कोण? काम आटत गेलं. काकांनी एका गोदामात पहारेकऱ्याच्या नोकरीची चौकशीसुद्धा करून ठेवली. तीन महिन्यांत काम वाढलं नाही तर दुकानाला कुलूप, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. तेव्हा त्यांच्या लेकीनं कंबर कसली. दुकानाची वेबसाइट केली. फाटकं पुस्तक आणि शिवलेलं पुस्तक, असे शेजारी शेजारी फोटो टाकले. पहिल्या आठवड्यात वेबसाइटवर चार जण आले. त्यात तीन वेळा ती स्वतः होती आणि एकदा तिची मावशी.

"दुकान रस्त्यावर आहे तरी माणूस फिरकत नाही," काका म्हणाले, "तिथं हवेत कोण येतंय?"

"कुणाला ठाऊक असेल तर येईल ना बाबा! आपण शिक्का करून घेऊ. कागद दुसऱ्याचा, शाई आपली. खर्च काय तो शिक्क्याचा."

कागद दुसऱ्याचा, शाई आपली! काका पोट धरून हसले होते. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते अजून विसरलेलो नाही.

अशा रीतीनं माझा जन्म झाला. माझ्या रबरावर कोरलं होतं, 'पुस्तक फाटलं? आणा इकडे. फाटलेलं जोडून मिळेल.' खाली वेबसाइटचा पत्ता आणि फोन नंबर. ही शब्दयोजना काकांची. त्यांना ती इतकी आवडली होती की पहिला ठसा त्यांनी स्वतःच्या तळहातावर मारला आणि जेवताना सगळ्यांना दाखवला.

मग मी कामाला लागलो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची फाटकी वही काकांनी फुकट शिवून दिली, त्या बदल्यात त्याच्या कागदी पिशव्यांवर मी. औषधाच्या दुकानातल्या पाकिटांवर मी. शिंपी कपडे ज्या कागदात गुंडाळून देतो, त्यावर मी. वाचनालयाच्या बाईंनी पुस्तकात ठेवायच्या खुणेच्या पट्ट्या ठेवून घेतल्या, त्यांच्यावरही मीच. लेक रोज संध्याकाळी दोनशे ठसे मारायची. तिचा अंगठा सुजला, पण ती काही थांबली नाही.

आणि लोक येऊ लागले हो! एक विद्यार्थिनी आली, "खोकल्याच्या औषधाबरोबर तुमचा पत्ता मिळाला," म्हणाली. एक गायक आपली जुनी गाण्याची वही घेऊन आला, त्याची बायको किराणा आणायला गेली होती. वेबसाइटवर दिवसाला चाळीस माणसं, मग साठ. खळकाका सकाळी चहाच्या आधी विचारायचे, "काल किती?" गोदामाच्या नोकरीचं नाव कुणी काढेना. सगळे म्हणायचे, शिक्क्यानं दुकान तारलं. मला चढली. का चढू नये?

एकदा पावसात पिशवी भिजली आणि माझी अक्षरं ओघळली. तेव्हा लेकीनं पाण्यानं न जाणारी शाई आणली. ती एकदा लागली की घासा, धुवा, काही करा, हटणार नाही. मी त्या शाईचाही तोरा मिरवला.

मग पुस्तकांच्या आतही ठसा मारायचं ठरलं. पण काकांनी नियम घातला. "पुठ्ठ्याच्या आतून आपण जो अस्तराचा कागद लावतो, फक्त त्याच्यावर. तो आपला. लोकांच्या पानाला हात लावायचा नाही." नियम चांगला होता. पाळला असता तर आज मी या खणात नसतो.

एके दुपारी एक आजोबा आले. पोस्टातून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, सावकाश बोलणारे. त्यांनी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला.

"बायकोची पत्रं आहेत," ते काकांना म्हणाले. "लग्न झालं आणि माझी बदली लांब झाली. तेव्हा लिहायची. तारीख घालायची सवयच नव्हती तिला. मी पाकिटांवरचे शिक्के बघून ओळीनं लावलीत. छत्तीस आहेत."

काकांनी मोजली. "सदतीस आहेत, आजोबा."

"शेवटच्याला पाकीट नाही. ते पोस्टात पडलंच नाही. ती गेल्यावर उशीखाली सापडलं." आजोबांनी ते उलगडून दाखवलं. अर्ध्या पानापर्यंत निळं, बारीक अक्षर होतं. शेवटची ओळ होती, 'आता झोप आली, बाकीचं उद्या लिहिते.' खाली अर्धं पान कोरं. "चाळीस वर्षं झाली. हे एकच पत्र, ज्याच्यावर कुठलाही शिक्का नाही."

काकांनी ते जपून घडी करून गठ्ठ्याखाली ठेवलं. आतून अस्तर खाकी लावा, आजोबा म्हणाले, टपालाच्या पिशवीचा रंग असू द्या. काकांनी मान डोलावली. लेक तेव्हा कानाला फोन लावून एका गिऱ्हाइकाला पत्ता समजावत होती. तिनं यातलं एक अक्षर ऐकलं नाही.

काकांनी ती पत्रं अशी शिवली की काय सांगू! दोरा कुठं दिसत नव्हता, अक्षर कुठं दबलं नव्हतं. ठरल्या दिवशी सात पुस्तकं तयार होती. काका मागं हात धुवायला गेले आणि लेक मला घेऊन बसली. सहा पुस्तकं भराभर झाली. सातव्याचं अस्तर खाकी आणि खरखरीत. तिनं मला दाबलं, पण ठसा काही उठेना. "यावर दिसतच नाहीये," ती पुटपुटली आणि घाईत काकांचा नियम विसरून तिनं एक पान मागं उलटलं. तिथं खाली मोकळी, कोरी जागा होती.

मित्रांनो, ती पोर अजाण होती. पण मी? मी त्या दिवशी टेबलावरच होतो, आजोबांचं सगळं बोलणं ऐकलं होतं. तरी कोरी जागा दिसताच मला आनंद झाला. मला ती अडवता आली नसती, हे खरं. पण अडवावंसं मला वाटलंसुद्धा नाही, याची लाज वाटते. मी छान उमटलो. एक अक्षर तुटलं नाही, एक कड पुसट झाली नाही.

'आता झोप आली, बाकीचं उद्या लिहिते.' आणि त्याच्याखाली, 'पुस्तक फाटलं? आणा इकडे.'

काका हात पुसत आले आणि पान बघताच त्यांनी पुस्तक तिच्या हातून ओढून घेतलं. रबरानं घासलं. ओल्या कापसानं पुसलं. पात्यानं खरवडायला घेतलं तर कागदाची लव निघायला लागली, आणखी जोर केला असता तर वरची ओळ गेली असती. त्यांनी पातं ठेवलं. लेकीला सगळं कळलं तेव्हा ती रडायलाच लागली.

"बाबा, आपण आधीच सांगून टाकू."

"काय सांगू? कुठल्या तोंडानं?" काका म्हणाले. "मागचं पान लगेच कोण बघतंय? घरी जाऊन बघतील तेव्हा बघू."

आणि त्यांनी पुस्तक कागदात गुंडाळलं. त्या कागदावरही मी होतोच.

आजोबा आले. त्यांनी टेबलाशी उभं राहूनच कागद सोडला आणि पुस्तक उघडलं ते मागून. ज्या बोटांनी आयुष्यभर पत्ते वाचले, ती बोटं माझ्या ओळींवरून फिरली.

"पोरीच्या हातून झालं ते..." काकांनी सुरुवात केली. लेकीनं मान खाली घातली.

"तुम्ही पाहिलं होतंत?" आजोबांनी विचारलं.

काका म्हणाले, "हो."

"आणि गुंडाळून ठेवलंत."

आजोबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पस्तीस वर्षं शिक्के मारले मी. दिवसाला हजार हजार. पण पाकिटावर मारले हो. आतल्या कागदाला माझा शिक्का कधी लागला नाही."

"मी पान बदलून..."

"आणि तिचं अक्षर कुठून आणाल?"

त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आणि निघून गेले. गुंडाळायचा कागद टेबलावरच राहिला. ते पुन्हा कधी आले नाहीत. काका दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि बेल न वाजवता परत आले, हे लेकीनं आईला सांगताना मी ऐकलं.

त्या रात्री काकांनी लेकीची माफी मागितली. "चूक तुझी होती, पण लबाडी माझी. वर तुझ्याच माथ्यावर टाकली." मग त्यांनी मला या खणात ठेवलं, तोंड वर करून. सुईदोरा काढायला दिवसातून दहा वेळा खण उघडतो आणि दहा वेळा मी त्यांच्या नजरेला पडतो. आता ते पुस्तकाबरोबर पत्त्याची एक सुटी पट्टी देतात, तीही विचारून. नको म्हटलं तर परत ठेवतात.

दुकान मात्र चालू आहे. जोरात चालू आहे. अजूनही कुणी तरी येतं आणि सांगतं, "तुमचा शिक्का पाहिला होता हो पिशवीवर, किती छान!" काका 'हो' म्हणतात आणि पुठ्ठा कापायला लागतात.

मित्रांनो, आपलं नाव चार लोकांत जावं असं कुणाला वाटत नाही? खुशाल सांगा, पिशव्यांवर छापा, भिंतीवर लावा. पण कुणाच्या वहीत, कुणाच्या घरात कोरी जागा दिसली तर आधी विचारा, ती कुणासाठी ठेवली आहे. आणि चूक झालीच, तर गुंडाळून ठेवू नका.

आजोबांच्या बायकोची शाई साधी होती. ती दरवर्षी थोडी फिकी होत असणार. माझी शाई पाण्यानंही जात नाही, मीच तर मिरवत होतो. एक दिवस त्या पानावरचं 'उद्या लिहिते' पुसलं जाईल, आणि खाली मी तेवढा ठळक उरेन.