अर्धं बोट खाली

प्रयोगशाळेत तिला सगळे धुणेवाली म्हणत, आणि तोंडावर म्हणत. जिथे तीनदा धुवा असं लिहिलेलं असे तिथे ही बाई नऊदा धूत असे, आणि तरी तिचं समाधान होत नसे. घरीही तेच. शिंप्याची मुलगी, पण जमिनीवर एक दोरा दिसला तरी जिवाची घालमेल. चिंध्यांत वाढल्याचा तिनं उगवलेला सूडच म्हणायचा.

तिच्या हाती जे प्रथिन होतं तेही एक कात्रीच होतं. पेशीभोवती चरबीचा पातळ पापुद्रा असतो. त्यात रुतून बसलेलं, चार तुकडे एकत्र येऊन झालेलं, पापुद्र्याच्या आरपार वीस फेरे घेणारं असं ते प्रथिन. त्याचं काम काय, तर पापुद्र्यात अडकून राहिलेली दुसऱ्या प्रथिनांची शेपटं कापायची आणि वाट मोकळी करायची. कात्री जागेवर चालते तोवर बरं असतं. ती घसरली की कापलेली पट्टी जराशी लांब निघते, लांब पट्टी चिकट असते, आणि अशा पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात. ज्यांच्या आठवणी जातात त्यांच्या मेंदूत हे गोळे सापडतात. सगळा दोष त्यांचाच का, यावर शहाणी माणसं अजून भांडतात. तिला भांडणात रस नव्हता. कात्री का घसरते तेवढं तिला पाहायचं होतं, कारण हा आजार तिच्या घरातच येऊन बसला होता.

तिच्या वडिलांना अख्खा बाजार मास्तर म्हणत असे. चाळीस वर्षं त्यांनी कोट बेतले. मग एके दिवशी एका कोटाची उजवी बाही डावीपेक्षा दोन बोटं लांब निघाली. गिऱ्हाइकानं ते हसण्यावारी नेलं, मास्तरांनी मनाला लावून घेतलं. पुढं अशा बाह्या वाढत गेल्या, दुकान बंद झालं, आणि आठ महिन्यांपूर्वी ती त्यांना आपल्याकडे घेऊन आली.

आणल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल, तर साफसफाई. कात्री कुलपात गेली, कारण धोका. कागदी नमुने रद्दीत गेले, कारण धूळ. बेतायचं सहा फुटी टेबल खालच्या इस्त्रीवालीला देऊन टाकलं. मास्तरांना एक पांढरीस्वच्छ खोली मिळाली, खाट आणि खुर्ची. दवाखान्यानं हेवा करावा अशी ती खोली होती, आणि त्या खुर्चीत मास्तर जे बसले ते बसलेच. दोन महिन्यांत बोलणं आटलं. पाचव्या महिन्यात ते तिला अहो बाई म्हणू लागले, गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. ती रोज सांगे, बाबा, मी आहे. ते मान डोलावून म्हणत, बरं बाई. हे ऐकून तिला न्हाणीघरात जाऊन रडावंसं वाटे, आणि बऱ्याचदा ती रडेही.

तिचा थोरला भाऊ दुसऱ्या गावी होता. दादाचं फोनवर म्हणणं असं, की तू कोण हेच त्यांना कळत नाही तर तू कुणासाठी एवढा जीव काढतेस. त्याचंही काही खोटं नव्हतं. वृद्धांच्या संस्थेत सोमवारपासून जागा मिळाली होती. फक्त बॅग भरायची होती, आणि तिचा हात धजत नव्हता.

इकडे प्रयोगशाळेतही ग्रहण लागलेलं. पापुद्र्यातून प्रथिन सोडवायला साबणासारखं एक द्रव्य वापरतात, मग धुतात. तिनं धुतलेलं प्रथिन इतकं शुद्ध, की तपासणीत एकच रेघ उमटे, पट्टीनं आखल्यासारखी. फक्त ते काही कापत नव्हतं. चार महिने तिनं त्याला पुन्हा पुन्हा धुतलं. शुक्रवारी विभागाच्या थोरल्या बाईंनी तिची वही मागितली, एक पान वाचलं आणि चष्मा काढला.

"चरबी धुऊन टाकलीस तू, मळ समजून," बाई म्हणाल्या. "तिच्या आधारानं ते उभं होतं गं."

मेंदूतल्या चरबीसारखी चरबी तिनं त्यात परत घातली. दुपारपर्यंत कात्री चालू झाली, आणि पट्ट्याही आखूड, हव्या तशा निघाल्या. सगळ्यांनी चहा मागवला, धुणेवालीची यथेच्छ थट्टा केली. ती हसली नाही. तिला घरातली पांढरी खोली दिसत होती आणि स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी ती टेबल परत मागायला इस्त्रीवालीपुढं उभी राहिली. इस्त्रीवालीनं कुरकुर केली नाही, पण टेबलावर दोन ठिकाणी चटका बसलाय असं आधीच सांगून टाकलं. "डाग राहू देत," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून उभ्या जन्मात पहिल्यांदा निघालं असेल. चौघांनी मिळून टेबल जिन्यानं वर चढवलं. खाट भिंतीला सरकवली. तिनं कुलूप उघडून कात्री काढली, जुन्या साडीचं कापड पसरलं, मापाची नवी कापडी पट्टी ठेवली. खडू मिळाला नाही, म्हणून साबणाची झिजलेली वडी ठेवली. शिंपी तीही वापरतात.

टेबलानं हा रोग बरा होतो असं कुणी समजू नये. मास्तरांच्या डोक्यात जे साचलं होतं ते तिथंच होतं. पण ते खुर्चीतून उठले. टेबलाच्या कडेवरून तळवा फिरवत गेले, एका जुन्या खाचेशी थांबले आणि तिथंच उभे राहिले, ताठ. पट्टी उचलून गळ्यात घातली. मग दाराशी उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं.

"या बाई. सरळ उभ्या राहा. श्वास रोखू नका."

ती पाठ करून उभी राहिली. पट्टी मानेखाली टेकली, उजव्या खांद्यापर्यंत गेली, मग डाव्या. तिथं बोटं थांबली. पुन्हा उजवा, पुन्हा डावा.

"डावा अर्धं बोट खाली आहे," मास्तर हळूच म्हणाले. "असा खांदा माझ्या पोरीचा. तिला कधी कळू दिलं नाही मी. आतून कापसाची गादी घालायचो."

तिला खरंच माहीत नव्हतं. शाळेचा गणवेश, मुलाखतीचा कोट, सगळे कपडे अंगावर कसे चोख बसायचे. तिच्या डोळ्यांना धार लागली, पण माप चाललं होतं म्हणून ती हलली नाही.

मास्तर फिरून पुढं आले. तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तू कधी आलीस?"

"आत्ताच, बाबा."

"मग रडतेस कशाला? कोट शिवतोय तुला." त्यांनी साबणाची वडी उचलली आणि कापडावर पहिली रेघ ओढली. "सोमवारी ट्रायलला ये. विसरू नकोस."

नाही विसरणार, असं तिनं सांगितलं. मग गॅलरीत जाऊन तिनं दादाला फोन लावला आणि म्हणाली, सोमवारी नाही जमायचं, बाबांनी मला बोलावलंय.