दात नसलेल्यांचे जाळे

मी एक जुने फेकजाळे आहे. मित्रांनो, 'जुने' हा शब्द वाचून तुमच्या चेहऱ्यावर कीव आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मला कोणाची कीव नको. माझी झालर शिशाची आहे आणि ती पायावर पडली तर चांगले धट्टेकट्टे लोक कळवळतात.

कोलंबियातल्या एका मोठ्या खाऱ्या तळ्यात, लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या गावात माझा जन्म झाला. इलारिओने मला विणले. पाच महिने तो दारातल्या फळीवर बसून लाकडी सुईने एकेक गाठ मारत होता. गाठ चुकली की स्वतःलाच शिव्या देत उसवत होता. शिसे त्याने घरातल्या चांगल्या तव्यात वितळवले. बायको म्हणाली, "आता यात तळू काय, जाळं?" तो तवा गेला आणि मी आले.

आमच्या गावात जाळे दातांनी धरतात. दोरी डाव्या मनगटाला, अर्धा घोळ डाव्या हातात, उरलेला उजव्या हातात आणि झालरीची एक कड दातांत. अंगाला झोका द्यायचा आणि हात सुटतील त्याच क्षणी तोंड उघडायचे. उशीर झाला तर दात माझ्याबरोबर पाण्यात जातो. इलारिओचे पुढचे दोन दात असेच गेले. दोष माझा नव्हता. त्या वेळी तो शेजारच्या होडीवाल्याला काय उत्तर द्यावे याचा विचार करत होता.

सव्वीस वर्षे मी त्याच्या हातून पाण्यावर गोल पडत राहिले. मी पडले की लोक हातातले काम थांबवून बघत. मला गर्व होता आणि अजूनही आहे.

मग इलारिओचे उरलेले दातही पडले. कोणी सुचवले की कड कोपरावर अडकवून फेक, खालच्या नदीवरचे लोक तसेच फेकतात. इलारिओ म्हणाला, "ते मासे धरतात की कपडे वाळत घालतात?" त्याने मला खिळ्याला अडकवले आणि गळ टाकून बसू लागला. चार वर्षे मी त्या खिळ्यावर होते. आठ पायांच्या कोळ्याने माझ्यावर आपले जाळे विणले. जाळ्यावर जाळे! हा अपमान मी विसरलेले नाही.

त्यात हमरस्त्यावरच्या खाणावळीची सोराइदाबाई आली. तिला भिंतीवर काहीतरी टांगायचे होते. "मध्ये प्लास्टिकचा लाल लॉबस्टर अडकवीन, काय शोभेल!" ती म्हणाली. इलारिओ माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी न्या."

मित्रांनो, मी संतापले. पण खिळ्यावरचे जाळे संतापून काय करणार?

शनिवारी इलारिओचा मुलगा विल्मर शहरातून सुट्टीला आला. बरोबर बायको नेल्सी, अकरा वर्षांचा देइमेर आणि सात वर्षांची मारेलविस. सोमवारचे ऐकून विल्मर पिशव्या उचलून आत गेला. नेल्सी मात्र गप्प बसणारी नाही.

"माझ्या पोरांनी मासा फक्त ताटात बघितलाय," ती म्हणाली. "जाळं जायच्या आधी उद्या सगळे जाऊ या."

"सगळे? होडीत बाया-पोरं?" इलारिओ म्हणाला. "गाव हसेल."

"हसू दे की, बाबा. तेवढेच गावाचे दात दिसतील."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. या घराची बाया-पोरे पहिल्यांदाच मासे धरायला होडीत बसली होती. देइमेर दोन्ही हातांनी काठ धरून बसला. विल्मरने मला उचलले. माझी कड दातांत धरली आणि दातांच्या काळजीने तोंड फार लवकर उघडले. मी बोळ्यासारखे पाण्यात पडले. दुसऱ्यांदाही तेच. मला लाज वाटली, पण ती त्याच्या वाट्याची होती.

शेजारच्या होडीतून हाक आली, "काय रे विल्मर, मासे धरतोस की चादर धुतोस?"

नेल्सी ओरडली, "चादर धुतोय! तुमचीही द्या, इथपर्यंत वास येतोय."

तेवढ्यात मारेलविस उभी राहिली. "आता मी."

"तू?" इलारिओ म्हणाला. "तुझे पुढचे दात कुठायत?"

"आणि तुमचे?"

तिचे पुढचे चार दुधाचे दात नुकतेच पडले होते. आजोबांना असे उत्तर त्या घरात आजवर कोणी दिले नव्हते.

तिने मला ओढून घेतले. माझे वजन तिला पेलवेना, म्हणून विल्मरने घोळ धरला आणि नेल्सीने मागून तिचा फ्रॉक पकडला. दातांत धरायची कड तिने कोपरावर अडकवली. तिला हे कोणी शिकवले नव्हते. इलारिओ पुटपुटला, "झालं, वाळत घातलं." तिने ऐकले आणि दातओठ खाता येत नव्हते म्हणून नुसते ओठच खाऊन मला भिरकावले.

मी जिवाच्या आकांताने पसरले. पुरते गोल नाही, अर्धेच. पण विल्मरने दोरी ओढली तेव्हा माझ्या पोटात तीन बोय मासे फडफडत होते.

"हे जिवंत आहेत!" देइमेर किंचाळला. इतका वेळ धरलेला काठ सोडून तो माशांवर झेपावला आणि त्याला एकही पकडता आला नाही. नेल्सी हसता हसता होडीत बसली.

इलारिओ हसला नाही. तो नातीपुढे हात करून म्हणाला, "कुठे अडकवलंस? दाखव."

मारेलविसने माझी कड त्याच्या कोपरावर ठेवली. "इथे. आणि फेकताना कोणाशी भांडायचं नाही."

त्याने मला उचलले. पहिल्या वेळी मी वाकडे पडले. दुसऱ्या वेळी माझी कड विल्मरच्या टोपीला अडकली आणि टोपी पाण्यात गेली. तिसऱ्या वेळी त्याने तोंड घट्ट मिटून अंगाला तसाच जुना झोका दिला. मी उघडले, मित्रांनो. सगळे, काठोकाठ. चार वर्षांचा राग मी त्या तळ्यावर पसरला. शेजारच्या होडीतल्यांनी हातातले काम थांबवून बघितले.

सोमवारी सोराइदाबाई आली. इलारिओ फळीवर बसून माझी फाटकी जागा विणत होता आणि मारेलविस मला ताणून धरत होती.

"ओलं आहे," इलारिओ म्हणाला.

"मग वाळेल कधी?"

"बघू."

"बघू काय? शब्द दिला होतात तुम्ही!"

"दिला होता. चुकलो."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने अवजार खिळ्यावर असेल. त्याच्याकडे बघून हळहळू नका आणि त्याला सजवूही नका. खाली काढा, धूळ झटका, तुटले असेल ते जोडा आणि तुमच्या हाताला जमेल तसे वापरा. जुन्या पद्धतीने जमत नसेल तर तुमच्या पद्धतीने वापरा. आम्ही कुरकुर करू, पण उघडू.

सुट्टी संपून मारेलविस शहरात गेली. इलारिओ आता रोज सकाळी एकटाच निघतो, माझी कड कोपरावर घेऊन. सोराइदाबाई त्यानंतर तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा मी ओलेच होते.