बोस्टन सावर आणि शनिवार

माझे यजमान उपेंद्र निवृत्त झाल्यापासून एकेका विषयाचे जाणकार होत चालले आहेत. आधी गडकिल्ल्यांचे झाले, मग गुडघे बोलायला लागले म्हणून व्हिस्कीचे. भोरमधल्या निवृत्त मंडळींचं एक आस्वाद मंडळ आहे, त्याचे ते अध्यक्ष. आस्वाद म्हणायचं, म्हणजे घरी सांगायला बरं पडतं.

यंदाचा आस्वाद वेल्ह्याजवळच्या विराजच्या रिसॉर्टवर होता. शनिवारी दुपारी चार वाजता, कारण दिवेलागणीनंतर निम्म्या मंडळींना दिसत नाही. व्याख्यानाचा विषय 'व्हिस्की सावर : उगम आणि विकास', म्हणजे लिंबू-साखर घातलेल्या आंबट व्हिस्कीचा इतिहास. सगळं मोबाईलवरून उतरवलेलं, टाईप मी केलेलं.

ह्यांनी घसा खाकरून सुरुवात केली. लांबच्या सफरीवरचे खलाशी हिरड्या सुजू नयेत म्हणून लिंबू खात, त्यात दारू आणि साखर कशी आली, १८६२ साली अमेरिकेत ही कृती कशी छापली गेली. मग प्रकार. न्यूयॉर्कवाल्यांनी वरून लाल वाईन सोडली, कुणी साखरेऐवजी मध घातला. "आणि तुमच्या हातात आहे तो बोस्टन सावर. हा वरचा फेस पाहा. ही केवळ मनगटाची करामत आहे," असं म्हणून त्यांनी बारमागच्या मुलीकडे कौतुकानं हात केला.

ती प्रांजल. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यातली. पुण्यात हॉटेलचा कोर्स करून आली होती आणि विराजनं तिला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. आजचा कार्यक्रम नीट झाला तर सोमवारपासून कायम. हे तिनंच मला आल्या आल्या लिंबं कापता कापता सांगितलं होतं. मला ती पोरगी आवडली होती.

दुसरा ग्लास संपवून तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कुमारराव तिला म्हणाले, "फार सुरेख फेस. घरी करायचा तर कसा?"

"सोपं हाय, काका. अंड्यातलं पांढरं घालायचं आन् जोरात हलवायचं. अंडी बनाआत्याच्या कोंबड्यांची हायेत, गावरान."

शनिवार. मारुतीचा वार. दारू पिणाऱ्या बारा माणसांनी एकदम ग्लास खाली ठेवले, विंचू दिसावा तसे. व्हिस्की चालते, ती धान्याची असते. अंडं म्हणजे धर्म बुडाला.

कुमाररावांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "अध्यक्ष, तुम्हाला माहीत होतं?"

हे एक क्षणही अडखळले नाहीत. "मी बिनअंड्याचं स्पष्ट सांगितलं होतं. ही आजकालची मुलं ऐकतात कुठं?"

विराज लालबुंद झाला. "साहेब, मी माफी मागतो. प्रांजल, एप्रन काढ. उद्यापासून यायची गरज नाही."

तिच्या हातात मोबाईल होता. तिनं तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि एप्रनची गाठ सोडायला लागली. डोळे भरले होते. मला माझ्या नवऱ्याची लाज वाटली. चौतीस वर्षांत अधूनमधून वाटली होती, पण अशी नाही.

आमचे हे मंडळाच्या मेसेजला, वाढदिवसाला, निधनाला, वीजबिलाला, सगळ्याला न वाचता जोडलेले हात पाठवतात. हे मला माहीत होतं.

"प्रांजल, साहेबांना विचारलं होतंस का गं?"

"व्हय काकू. मेसेज केला व्हता. पण ऱ्हाऊ द्या, मोटी मानसं हायेत."

"दे इकडं." मी मोबाईल घेतला आणि उभी राहून मोठ्यानं वाचलं. "'साहेब, बोस्टन सावरमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. शनिवार आहे, चालेल का?' खाली ह्यांचे जोडलेले हात. तीनदा."

कुणी खोकलं, कुणी छताकडे पाहिलं. विराजनं सुटलेला एप्रन स्वतः उचलून तिच्या हातात दिला आणि "सोमवारी ये," एवढंच म्हणाला. तिनं तो घेतला, पण बांधला नाही. ग्लास मात्र विसळायला घेतले.

मग कुमाररावांनी हळूच विचारलं, "नुसती व्हिस्की तरी शुद्ध असते ना?"

"शंभर टक्के," हे म्हणाले. आणि मंडळींनी तोंड शुद्ध करायला नुसती व्हिस्की मागवली.

परतताना गाडी मी चालवत होते. नसरापूर मागे पडलं. कापूरहोळच्या अलीकडे हे म्हणाले, "शैलजा, चारचौघांत वाचायला नको होतं. ती मुलगी बघ, मोठ्यांचा मान राखून गप्प बसली."

"त्या मानापायी तिची नोकरी जात होती. तुमचं काय गेलं?"

त्यांनी खरंच विचार केला. बराच वेळ केला. मग अगदी मनापासून, दुःखानं म्हणाले,

"माझा शनिवार मोडला."