पडवी बंद करण्याचा ठराव

मला राग लवकर येतो असं लोक म्हणतात. साफ खोटं. राग माझ्याकडे राहायलाच असतो, येतात-जातात ती माणसं.

एकोणीसशे एकतीस सालच्या चैत्रात आमच्या पेठेतल्या लोकहित वाचनालयाच्या मंडळापुढे एक ठराव आला. ‘वाचनालयाची पुढील पडवी भिंत घालून बंद करावी व वाचनगृहात पूर्ण शांतता राखावी.’ ओळ एक आणि कामं दोन. पहिलं गवंड्याचं, दुसरं माझं तोंड बंद करण्याचं. दुसऱ्यासाठीच पहिलं काढलं होतं, हे रत्नागिरीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण ठरावात माझं नाव नव्हतं. सभ्य माणसं नाव घेत नाहीत, भिंत घालतात.

वाचनालय म्हणजे जांभ्या चिऱ्यांची एक लांबट खोली, वर मंगलोरी कौलं. आत खुर्च्या, दोन टेबलं आणि पुस्तकांची पाच कपाटं. रस्त्याच्या अंगाला पडवी. लाकडी खांब, गुडघाभर उंचीचा कठडा, सारवलेली जमीन. खोली वर्गणीदारांची आणि पडवी ज्याला टेकावंसं वाटेल त्याची. मुंबईहून बोट आली की वर्तमानपत्रांचा गठ्ठा पडावातून किनाऱ्याला लागायचा आणि चारच्या सुमाराला माझे वडील आप्पा, म्हणजे शिवलकर मास्तर, पडवीत स्टुलावर बसून पेपर मोठ्याने वाचायचे. वीस वर्षं वाचला त्यांनी. ऐकायला गाडीवान, विणकर, बाजार आटपून आलेल्या मासेवाल्या, बंदरावरचे खलाशी. अक्षर कुणाला येत नव्हतं, पण मुंबईतला कापसाचा भाव आणि विलायतेतली भांडणं सगळ्यांना पाठ.

मग आप्पांना काचबिंदू झाला. त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याने मुंबईत दुसरं बिऱ्हाड थाटलं आणि मी ट्रंक घेऊन माहेरी परत आले. मी आप्पांचा हात धरून त्यांना पडवीत न्यायची. एक दिवस ते एका शब्दापाशी अडले. मी मागून तो सांगितला. पुढच्या आठवड्यात ओळ सांगितली, मग रकाना. आषाढात बोट बंद होऊन पेपर घाटावरून मोटारीने यायला लागले, तोवर सबंध पेपर मीच वाचत होते आणि आप्पा शेजारी बसून मान डोलवत होते.

त्या पडवीत मी पुन्हा माणसात आले. पेठेत मी ‘नवऱ्याने टाकलेली’ होते. पडवीत मात्र काशी माशाची टोपली पायरीखाली ठेवून म्हणायची, “मालनबाय, त्या खुनाच्या खटल्याचं काय झालं ता आदी वाच. भाव मागनं बगू.” औषधांच्या जाहिरातीसुद्धा ती सोडू द्यायची नाही. अस्लमचाचा म्हातारे तांडेल, अर्धा जन्म गलबतावर गेलेला. मी एडनची बातमी वाचली की ते हात वर करायचे. “थांब. एडन असा नाय. तिथं पाणी इकत घ्यावा लागतो.” मग अर्धा तास एडन चालायचं. पेपरात चार ओळी असायच्या, पडवीत त्यांचा गाव व्हायचा. मी हसायचे, भांडायचे, पुन्हा वाचायचे. संध्याकाळी घसा बसलेला असायचा आणि मला फार बरं वाटायचं.

हे चौदा महिने चाललं. मग मंडळाचे अध्यक्ष गंगारामशेठ वखारवाले यांना शांततेची आठवण झाली.

“मालनबाई,” एकदा ते खुर्चीतून उठून दारापर्यंत आले. बाईमाणसाशी बोलताना ते नेहमी खांबाकडे बघत. “मुंबईच्या ग्रंथालयात माणसं वहाणासुद्धा वाजू देत नाहीत. आतल्या सभासदांना वाचन होत नाही हो.”

“वीस वर्षं होत होतं ना?”

“तेव्हाची गोष्ट वेगळी.”

“काय वेगळं होतं?”

त्यांनी खांबाला मान लववली आणि ते आत गेले. सभासद काय वाचत होते ते मी रोज पाहत होते. एक जण पेपर तोंडावर घेऊन घोरायचा. वीस वर्षं आप्पांचा आवाज विद्यादान होता, माझा चौदा महिन्यांत गोंगाट झाला. आवाज तोच, घराण्याचाच. फक्त तो बाईच्या गळ्यातून येत होता आणि त्या बाईला नवरा नव्हता. एवढं तोंडाने म्हणाले असते तर मी त्यांचा मान राखला असता.

मंडळात सात माणसं. डॉक्टर आणि दोन जुने सभासद पडवीच्या बाजूचे होते. डॉक्टरांनी तर मला बोलावून सांगितलं, “काळजी करू नका. तीन आम्ही, चौथे मास्तर. ठराव पडला म्हणून समजा.” मी काशीला सांगितलं, काशीने बाजाराला सांगितलं. सभेच्या दिवशी चार वाजता पडवी अशी भरली की कठड्यावरही जागा उरली नाही.

सभा आतल्या खोलीत, दार उघडं. मी उंबऱ्याबाहेर बसले होते. गंगारामशेठनी भाषण केलं. शिस्त झाली, प्रगती झाली, काचेच्या खिडक्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, पडवी गेली तर वाचनालयात वाचणारे नऊ उरतील आणि त्यातले चार झोपलेले. पडवीत हशा झाला. मग मत घ्यायची वेळ आली.

“ठरावाच्या विरुद्ध?”

कपडे सळसळले. “तीन,” गंगारामशेठ म्हणाले.

मला वाटलं, जुन्यांपैकी कुणीतरी फुटलं. शपथेवर सांगते, आप्पांचं नाव माझ्या मनात आलं नाही. मी वाकून आत पाहिलं. डॉक्टरांचा हात वर होता, दोघा जुन्यांचे वर होते आणि आप्पांचे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते.

“बाजूने?”

आप्पांनी हात वर केला. इतरांनी खांद्याइतके केले होते. आप्पांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी शाळेतल्या पोरासारखा सरळ कौलांकडे ताणला.

काशीने माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पायाकडे. मला तिची ती नजर आजही सहन होत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तरीही आप्पांना हात धरून मलाच घरी न्यायचं होतं. मी नेलं. वाटेतला दगड नेहमीसारखा सांगितला, गटार सांगितलं. घरी पोचून काठी कोपऱ्यात ठेवली आणि विचारलं, “का?”

“लोक बोलतात, मालन.”

“कोण लोक?”

“लोक.”

“आप्पा, नावं सांगा. मी एकेकाच्या दारात जाऊन विचारून येते.”

ते आरामखुर्चीत टेकले. मी पाणीसुद्धा दिलं नाही. त्यांना तहान लागली असणार, लागू दे म्हटलं. मग ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “पहिले विचारायचे, मास्तर आले का? आता विचारतात, बाय आली का? मी तिथं बसलेला असायचो गो. शेजारी. त्या अस्लमने परवा मला सरका म्हटलं, बायच्या आवाजाआड येताव म्हणून. वीस वर्षं मी...”

कुणाला वाटेल, इथे माझं मन पाघळलं असेल. नाही पाघळलं. लोक बोलतात हे खोटं होतं, तोवर मी नुसती चिडले होते. हे खरं होतं, म्हणून मी पेटले. गंगारामशेठला माझा आवाज नको होता, आप्पांना त्या आवाजाचे ऐकणारे नको होते. दोघांची गरज एकाच भिंतीने भागली.

भिंत आठ दिवसांत उभी राहिली. खांब चिऱ्यांत गेले, कठडा पाडला, आतल्या बाजूने चुना दिला. काचेच्या खिडक्या अशा उंचावर बसवल्या की रस्त्यावरच्याला आतलं दिसू नये आणि आतल्याला रस्ता दिसू नये. सारवलेल्या जमिनीवर फरशी आली, फरशीवर आणखी सहा खुर्च्या आल्या. त्या खुर्च्यांत बसायला कोण येणार होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. काशी एक दिवस टोपली घेऊन तिथे उभी राहिली तर शिपायाने तिला वास येतो म्हणून हाकललं. तोच वास वीस वर्षं तिथे होता.

दुसऱ्या सोमवारी गंगारामशेठचा गडी आमच्याकडे आला. हातात वर्तमानपत्र. सभासदांचं वाचून झालं की आदल्या बोटीचा अंक मास्तरांकडे पोचवायचा, अशी मंडळाने व्यवस्था केली होती. मास्तरांच्या सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून. आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी पेपर नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला.

बातमी बाजारात जायला वेळ लागला नाही. चारच्या सुमाराला अंगणात पावलं वाजली. पुढे काशी, मागे अस्लमचाचा, त्यांच्यामागे सात-आठ जण, अंगणातच फोफळीखाली उभे.

“मास्तर,” अस्लमचाचा म्हणाले, “पेपर हिथं येतो असा आयकला. आमी भायेरच बसताव. उंबऱ्यात पाय नाय टाकनार.”

मी उठलेच होते. अंगणात बसून वाचायला स्टूल हातात घेतलं होतं.

“हे घर आहे,” आप्पा म्हणाले. “धर्मशाळा नव्हे. कुणी यायचं नाही इथे. पोरीचं नाव आधीच...”

“आमी कुनाचा नाव काडलाय?” काशी उसळली.

“जा म्हटलं ना!”

असा आवाज त्यांनी वर्गातही कधी काढला नसेल. घर त्यांचं, शब्द त्यांचा, मी काय बोलणार होते? अस्लमचाचांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, रागाने नव्हे, आणि तेच मला जास्त लागलं. अंगण रिकामं झालं. काशीच्या टोपलीतलं पाणी गळून मातीवर एक ओली रेघ उरली होती.

आप्पांनी दार लावून घ्यायला सांगितलं. मी लावलं. ते आरामखुर्चीत नीट बसले, पाय लांब केले, उपरणं मांडीवर घेतलं आणि मान मागे टेकली. पडवीत मान डोलवायला बसायचे तसेच.

“हं,” ते म्हणाले. “पहिल्या पानापासून वाच.”

मी त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मनात.

पहिला रकाना झाला. दुसरा झाला. आप्पा वाट पाहत होते. त्यांना वाटलं असेल मी घसा साफ करते आहे, चष्मा शोधते आहे. एका बातमीत कुठल्याशा नगरपालिकेच्या अध्यक्षाची घोडागाडी चिखलात रुतल्याची हकीकत होती. मला हसू आलं, मी मोठ्याने हसले.

“काय गो? काय लिहिलंय?”

मी पुढचा रकाना घेतला. कापसाचा भाव घेतला. औषधांच्या जाहिराती एकेक करून वाचल्या, एकही सोडली नाही. मी पान उलटलं तेव्हा त्यांना कळलं. त्यांची मान खुर्चीच्या पाठीवरून सुटून पुढे आली. त्यांनी हात लांबवला, हवेत चाचपला, बोटं कागदाच्या कडेला लागली आणि तिथेच थांबली. मी कागद ओढून घेतला नाही.

“मालन,” ते म्हणाले. “मी ऐकतोय.”

“मला ठाऊक आहे,” मी म्हटलं आणि तिसरं पान उलटलं.